हॅरिसन डिलार्ड : सैनिक, धावपटू आणि कडेची लेन



सध्या मुक्काम बंगालच्या डुआर्समध्ये आहे. नेमकं ठिकाण नेहमीप्रमाणे सांगत नाही. एका बाजूला चहाचे मळे, उत्तरेला ढग हटले तर भूतानचे डोंगर, आणि पावसाचं म्हणाल तर आमच्या कोकणातल्या मंडळींनीही हात टेकावेत असा. ग्राउंडवर सकाळी पीटीला फॉलिन व्हायचं म्हणजे बुटाला शेरभर चिखल. अशा हवेत ऍथलेटिक्सची टीम तयार करायचं काम माझ्याकडे आहे. आजचा लेख त्या कामातूनच निघाला.

गेल्या महिन्यात वरच्या पातळीच्या निवडीसाठी ट्रायल झाल्या. आमच्या पलटणीचा एक पोरगा, सातारकडचा, ११० मीटर हर्डल्सला वर्षभर कोणाला हरला नव्हता. ट्रायलला पहिल्याच हर्डलला त्याचा मागचा पाय लागला. दुसरी कशीबशी ओलांडली, तिसरी पाडली, आणि चौथ्या हर्डलसमोर तो चक्क उभा राहिला. बाकीचे पुढे निघून गेले. रात्री लंगरमध्ये तो जेवायला आला नाही. बॅरेकमध्ये गेलो तर स्पाइक्स वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवत होता. म्हणाला, "साहेब, बस झालं. माझं नाव पुढच्या वर्षी घालू नका."

काय बोलणार? मीही ट्रंकेवर बसलो आणि त्याला एका अमेरिकन शिपायाची गोष्ट सांगितली. ती सांगताना माझीच एक चूक माझ्या लक्षात आली. तीही शेवटी सांगतो. आधी त्या शिपायाबद्दल.

क्लीव्हलंडचा 'बोन्स'

त्याचं नाव हॅरिसन डिलार्ड. जन्म ८ जुलै १९२३, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड शहर. घरची परिस्थिती बेताची, रंग काळा, अंगाने इतका किडकिडीत की पोरांनी 'बोन्स' म्हणजे 'हाडं' असं नाव ठेवलं. हे नाव त्याला आयुष्यभर चिकटलं आणि पुढे आत्मचरित्रालाही त्याने तेच दिलं. गल्लीत टाकून दिलेल्या मोटारींच्या सीटच्या स्प्रिंगा मांडायच्या आणि त्यांच्यावरून उड्या मारत पळायचं, ही त्याची पहिली अडथळा शर्यत.

१९३६ साली बर्लिनला जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकली. ओवेन्स क्लीव्हलंडचाच. तो परत आल्यावर शहरात त्याची मिरवणूक निघाली. गर्दीत तेरा वर्षांचा डिलार्ड होता. उघड्या गाडीतून जाताना ओवेन्सने या पोरांकडे पाहून ओळखीचं हसल्यासारखं केलं. पोरगा घरी पळत गेला आणि आईला म्हणाला की मी आज जेसी ओवेन्सला पाहिलं, आणि मी त्याच्यासारखाच होणार.

तेरा वर्षांची सगळीच पोरं असं काहीतरी म्हणतात. मीही कपिलदेवला पाहून म्हणालो होतो. फरक एवढाच की डिलार्ड ओवेन्सच्याच ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये गेला, पळायला लागला, आणि पुढे ओवेन्सने स्वतः त्याला धावण्याचे बूट दिले. ते बूट घालून त्याने शालेय स्पर्धा जिंकल्या. १९४१ मध्ये तो जवळच्याच बाल्डविन-वॉलेस कॉलेजात दाखल झाला. तिथे एडी फिनिगन हे प्रशिक्षक भेटले. सगळं जुळून येत होतं. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि १९४३ मध्ये डिलार्डच्या हातात बोलावण्याचा कागद पडला.

इटलीच्या डोंगरात

त्या काळी अमेरिकेच्या लष्करात काळ्या आणि गोऱ्या शिपायांच्या पलटणी वेगळ्या असत. बॅरेक वेगळी, जेवण वेगळं, वरचे अधिकारी मात्र बहुतेक गोरे. डिलार्ड ९२ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनमध्ये गेला. काळ्या सैनिकांच्या या डिव्हिजनला 'बफेलो सोल्जर्स' म्हणत. १९४४ च्या उत्तरार्धात ती इटलीत पोचली आणि जर्मनांच्या गॉथिक लाइनसमोर, पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात लढली.

इथे आपल्या लोकांनी जरा सरसावून बसावं, कारण इथे आपला संबंध येतो.

२६ डिसेंबर १९४४ ला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेर्किओ नदीच्या खोऱ्यात जर्मन आणि इटालियन फौजांनी ९२ व्या डिव्हिजनवर हल्ला चढवला. फळी फुटली, बार्गा गाव हातचं गेलं. सोम्मोकोलोनिया नावाच्या डोंगरावरच्या खेड्यात लेफ्टनंट जॉन फॉक्स तोफखान्याचा निरीक्षक म्हणून एका घरात होता. शत्रूने घर वेढल्यावर त्याने आपल्याच ठिकाणावर तोफा डागायला सांगितल्या आणि तिथेच कामी आला. फळी सावरायला कोण आलं? आपली ८ वी भारतीय डिव्हिजन. तिच्या ब्रिगेडी खोऱ्यात पुढे सरकल्या आणि काही दिवसांत गमावलेली जागा परत मिळवली. याच डिव्हिजनमध्ये आपली पहिली मराठा पलटण, 'जंगी पलटण' होती.

इटली म्हटलं की मराठा रेजिमेंटच्या माणसाला दोन नावं आठवतातच. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात. सेक्शनमधले बाकीचे जवान पडल्यावर एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि धारातीर्थी पडले. आणि शिपाई नामदेव जाधव, जंगी पलटणीचे, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर. नामदेव जाधव कंपनीचे 'रनर' होते. म्हणजे निरोप्या, पळणारा. त्या दिवशी त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं. मग परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली, आणि बांधावर उभं राहून मराठा युद्धघोषणा देत बाकीच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता तिकडचं पाहा. दुसऱ्या महायुद्धात लाखो काळे अमेरिकन सैनिक वर्दीत होते. त्यातल्या एकालाही युद्ध चालू असताना किंवा लगेच नंतर त्यांचं सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं नाही. जॉन फॉक्सला ते मिळालं १९९७ मध्ये. मरणानंतर बावन्न वर्षांनी. त्या दिवशी एकूण सात जणांना पदक देण्यात आलं. त्यातला एकच जण हयात होता, व्हर्नन बेकर, तोही ९२ व्या डिव्हिजनचाच. आपले लोक परक्या राज्याच्या सैन्यात होते, तरी त्यांचं शौर्य त्याच काळात लिहिलं गेलं. हे लोक स्वतःच्या देशाच्या सैन्यात होते, आणि त्यांची फाइल पन्नास वर्षं पडून राहिली. कोणाचं दुःख मोठं याची तुलना करायला मी हे सांगत नाही. पण डिलार्ड ज्या वर्दीत होता तिचं वजन कळायला हे माहीत असावं लागतं.

युद्ध संपलं. घरी जायची जहाजं मिळेपर्यंत लाखो सैनिक युरोपात बसून होते. रिकामा शिपाई म्हणजे कमांडरला डोकेदुखी, हे तुम्हा माजी सैनिकांना मी सांगायला नको. म्हणून खेळ सुरू झाले. १९४५ मध्ये फ्रँकफर्टला सैनिकांचं छोटं ऑलिंपिकच भरलं. तिथे डिलार्डने चार सुवर्णपदकं घेतली. बघायला जनरल पॅटन होते. मी आजवर पाहिलेला सर्वांत चांगला खेळाडू हाच, असं ते म्हणाले. तेही त्यांच्या नेहमीच्या, लंगरात चालेल पण घरात चालणार नाही अशा भाषेत.

ब्याऐंशी विजय आणि एक दुपार

घरी परतून डिलार्डने कॉलेज पुन्हा धरलं. वय बावीस-तेवीस, मधली वर्षं लष्करात गेलेली. पण मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. मे १९४७ च्या अखेरीपासून जून १९४८ पर्यंत त्याने ओळीने ८२ शर्यती जिंकल्या. हर्डल्स, सरळ धाव, उघड्यावर, छताखाली, सगळं धरून. एप्रिल १९४८ मध्ये १२० यार्ड हर्डल्सला १३.६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. ऑलिंपिकच्या हर्डल्सचं सोनं त्याचंच, हे सगळे धरूनच चालले होते.

ज्यांनी कधी हर्डल मारली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ११० मीटरमध्ये दहा हर्डल असतात, प्रत्येक साधारण साडेतीन फूट उंच, म्हणजे १०६.७ सेंटिमीटर. पहिली हर्डल सुरुवातीपासून १३.७२ मीटरवर, त्यानंतर दर ९.१४ मीटरवर एक. दोन हर्डलच्या मध्ये तीनच पावलं टाकायची. चौथं पाऊल पडलं की उडीचा पाय बदलतो आणि सगळा ताल बिघडतो. हर्डल पाडली म्हणून कोणी बाद होत नाही, पण तिला पाय लागला की वेग जातो, पाऊल आखूड पडतं, पुढची हर्डल लांब वाटते, माणूस ताणून उडी मारतो आणि तिलाही धडकतो. एक चूक दुसरीला जन्म देते. सरळ धावेत सुरुवात वाईट झाली तर पुढे भरून काढायला रस्ता मोकळा असतो. इथे दर तीन पावलांवर परीक्षा. डिलार्ड या शर्यतीच्या मानाने उंचीनेही कमीच होता, जेमतेम पाच फूट दहा इंच. उंच माणूस जिथे नुसता पाय टाकून जातो, तिथे त्याला वेगावर आणि तंत्रावर काम भागवावं लागे. म्हणजे चुकीला जागाच कमी.

जूनच्या शेवटी मिलवॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने तासाभरात चार शर्यती धावायचं ठरवलं. पाय थकले. १०० मीटरला बार्नी इवेलने हरवलं, हर्डल्सला बिल पोर्टरने. ८२ ची माळ तुटली.

दोन आठवड्यांनी, जुलै १९४८ मध्ये, शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला ऑलिंपिकची निवड. अमेरिकेचा नियम कडक. त्या दिवशी पहिले तीन आले ते जाणार. तुम्ही जगात पहिले असा, विक्रम तुमच्या नावावर असो, त्या दिवशी चौथे आलात की घरी.

डिलार्डने १०० मीटरलाही नाव दिलं होतं. तिथे तो तिसरा आला. इवेल पहिला, मेल पॅटन दुसरा. म्हणजे शेवटची जागा कशीबशी मिळाली. मग हर्डल्सचा दिवस. पहिल्याच हर्डलला पाय लागला. मग आणखी. ताल गेला तो गेलाच. शर्यत संपायच्या आधीच जगातला सर्वांत मोठा हर्डलर ट्रॅकवर थांबला. पुढे पोर्टर आणि बाकीचे निघून गेले.

आमचा पोरगा इथवर खाली मान घालून ऐकत होता. या जागी त्याने वर पाहिलं.

वेम्ब्लीची कडेची लेन

डिलार्ड लंडनला गेला तो ज्या शर्यतीत त्याला कोणी हिशेबात धरत नव्हतं त्या शर्यतीसाठी. अमेरिकेची आशा पॅटनवर आणि इवेलवर होती.

इवेलबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. त्याचं वय तीस. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिकं युद्धाने गिळली, आणि ती त्याची ऐन उमेदीची वर्षं होती. तोही मधली वर्षं लष्करातच होता. त्याच्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी.

३१ जुलै १९४८. वेम्ब्ली स्टेडियम खचाखच. १०० मीटरची अंतिम फेरी, सहा धावपटू. डिलार्ड अगदी कडेच्या लेनमध्ये. पिस्तूल वाजलं आणि तो सुरुवातीलाच पुढे निघाला. शेवटी इवेल जोरात आला. दोघे फीत ओलांडून गेले. इवेलने आजूबाजूला पाहिलं, शेजारचे सगळे मागे होते. त्याला वाटलं, जिंकलो. तो हात उंचावून नाचायला लागला. कडेच्या लेनमधला सडपातळ माणूस त्याच्या नजरेत आलाच नव्हता.

पंचांनी फोटो-फिनिशच्या कॅमेऱ्याचं चित्र मागवलं. चित्रात डिलार्ड पुढे होता. वेळ १०.३ सेकंद, ऑलिंपिक विक्रमाशी बरोबरी. हीच वेळ बर्लिनच्या अंतिम फेरीत ओवेन्सची होती. पनामाचा लॉइड लाबीच तिसरा आला. इवेलने नाच थांबवला, चालत येऊन डिलार्डचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. आठ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने हे केलं. मला तर ही गोष्ट सुवर्णपदकाइतकीच मोठी वाटते.

आता तारखांकडे लक्ष द्या. २६ जुलै १९४८ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश क्रमांक ९९८१ वर सही केली. सैन्यात वंश, रंग, धर्म यांवरून भेद न करता समान वागणूक आणि समान संधी, असा तो आदेश. २९ जुलैला लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन. ३१ जुलैला काळ्यांच्या वेगळ्या डिव्हिजनमधून आलेला एक माजी सैनिक जगातला सर्वांत वेगवान माणूस ठरला. तोही दुसऱ्या क्रमांकाच्या काळ्या माजी सैनिकाला मागे टाकून. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण एकाच आठवड्यात त्या घडल्या. आदेश कागदावरून बॅरेकपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. शेवटची वेगळी तुकडी मोडायला १९५४ साल उजाडलं. सरकारी कागदाचा प्रवास सगळीकडे सारखाच.

लंडनची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. ४ बाय १०० रिलेत इवेल, लोरेंझो राइट, डिलार्ड आणि पॅटन पहिले आले आणि लगेच बाद झाले. इवेल आणि राइटमधली बॅटनची देवघेव ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर झाली, असं पंचांचं म्हणणं. सोनं यजमान ब्रिटनला देण्यात आलं. मग शर्यतीची फिल्म पाहिली गेली, देवघेव पट्ट्यातच झाल्याचं दिसलं, आणि काही दिवसांनी निर्णय फिरला. ब्रिटिश खेळाडूंना पदकं परत करावी लागली. एकाच ऑलिंपिकमध्ये दोनदा कॅमेऱ्याने डिलार्डची बाजू घेतली.

पण हर्डल्सचं सोनं? ते बिल पोर्टरने नेलं. अमेरिकेचेच तिघे पहिले, दुसरे, तिसरे आले. डिलार्ड ती शर्यत बाहेरून पाहत होता.

हेलसिंकी, आणि आपले खाशाबा

खिशात दोन सुवर्णपदकं असलेला माणूस सुखाने घरी बसला असता. डिलार्डने आणखी चार वर्षं सराव केला, कारण ज्या शर्यतीवर त्याचा जीव होता ती राहून गेली होती. शनिवार-रविवार स्पर्धा, बाकी आठवडा नोकरी. त्या काळी पळून पैसे मिळत नसत. पैसे घेतले की हौशी खेळाडू म्हणून नाव रद्द.

१९५२, हेलसिंकी. वय एकोणतीस. ११० मीटर हर्डल्सची अंतिम फेरी. शेजारी जॅक डेव्हिस, तरुण आणि ताज्या दमाचा. दोघांचीही वेळ १३.७ सेकंद लागली, नवा ऑलिंपिक विक्रम. पण पुढे होता डिलार्ड. चार वर्षांपूर्वी एका दुपारी हातून गेलेलं सोनं त्याला शेवटी मिळालं. मग रिलेतही सोनं. एकूण चार. ओवेन्सची चार, आणि त्याच शाळेच्या, त्याच गावच्या डिलार्डची चार. १०० मीटर आणि ११० मीटर हर्डल्स या दोन्ही शर्यती ऑलिंपिकमध्ये जिंकणारा पुरुष आजवर तो एकटाच.

त्याच आठवड्यात त्याच गावात आणखी एक माणूस चार वर्षांचं देणं फेडत होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. लंडनला १९४८ मध्ये ते फ्लायवेटला सहावे आले होते. मातीत घडलेला मल्ल, गादीची सवय नाही, नियम नवे. हरून परत आले आणि चार वर्षं तयारी केली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खाशाबांनी बँटमवेटला कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

डिलार्ड आणि खाशाबा एकमेकांना कधी भेटले असतील असं काही नाही. पण लंडनचं राहिलेलं हेलसिंकीला पुरं करायचं, हा दोघांचा हिशोब सारखाच. आमच्या साताऱ्याच्या पोराला खाशाबा माहीत होते. म्हणाला, "साहेब, आमच्या गावापासनं गोळेश्वर लांब नाही." मी म्हटलं, "मग तुला मी कशाला सांगतोय? तिथलं पाणी प्यायलायस."

नंतरचं आयुष्य

१९५५ मध्ये डिलार्डला अमेरिकेतल्या उत्कृष्ट हौशी खेळाडूसाठीचा सलिव्हन पुरस्कार मिळाला. १९५६ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्याने तिसऱ्या ऑलिंपिकसाठी पुन्हा प्रयत्न केला, पण निवड झाली नाही. मग शांतपणे बूट ठेवले. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघात नोकरी केली, रेडिओवर बोलला, आणि शेवटी शहराच्या शिक्षण मंडळात बरीच वर्षं काम करून निवृत्त झाला. ज्या शहराच्या शाळेत शिकला त्याच शहराच्या शाळांचा कारभार पाहिला. ओवेन्ससारख्या माणसाला चार सुवर्णपदकांनंतर पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या होत्या. डिलार्डच्या वाट्याला ते आलं नाही. १५ नोव्हेंबर २०१९ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी, क्लीव्हलंडलाच तो गेला.

आणि माझी चूक

आता शेवटचं. गोष्ट सांगून मी बॅरेकमधून बाहेर पडलो आणि पावसात चालता चालता मला एक जाणवलं. डिलार्ड लंडनला का जाऊ शकला? कारण त्याने दोन शर्यतींना नाव दिलं होतं. हर्डल्स हातची गेली तेव्हा १०० मीटरची तिसरी जागा त्याच्याकडे होती.

आमच्या पोराचंही नाव १०० मीटरला होतं. त्यात तो बरा होता, पहिल्या तिघांत येण्यासारखा. ट्रायलच्या आठवडाभर आधी ते नाव मी कापलं. म्हणालो, एकाच इव्हेंटवर लक्ष दे, दोन डगरींवर पाय नको. तो काही बोलला नाही, कारण शिपाई साहेबाला उलट बोलत नाही. मीही विचारलं नाही. पाय त्याचा अडखळला हे खरं, पण दुसरा रस्ता बंद मी केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीनंतर त्याला बाजूला घेतलं आणि हे सरळ सांगितलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या शिपायाला "माझं चुकलं" असं म्हणायची वेळ माझ्यावर फार आली नाही. आली असेल तेव्हा मी गप्प बसलो असेन. तो गडबडला. "नाही साहेब, तसं काही नाही," म्हणाला आणि सॅल्यूट ठोकून गेला.

त्यानंतर तो एक महिना सुट्टीवर जाऊन आला. गावाकडून येताना आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्याने मला आणून दिला. पुढच्या वर्षी काय होईल ते सांगता येत नाही. त्याचं वय, बदली, कोर्स, हजार गोष्टी मध्ये येतात. निवड होईल किंवा नाही होणार. पण काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर ग्राउंडकडे गेलो तर पाण्याने भरलेल्या लेनमध्ये त्याने तीन हर्डल मांडल्या होत्या आणि एकटाच पावलं मोजत होता. स्पाइक्स पायात होते.

मी ऑफिसात येऊन पुढच्या वर्षाच्या यादीत त्याचं नाव लिहिलं. दोन इव्हेंटसमोर. त्याला विचारून.

तुमच्यापैकी ज्या माजी सैनिकांनी पलटणीच्या टीम घडवल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव जरूर कळवा. विशेषतः जिथे आपलं चुकलं ते. जिंकल्याच्या गोष्टी आपण बडाखान्याला भरपूर सांगतो. या दुसऱ्या गोष्टी नव्या उस्तादांच्या जास्त कामाला येतील.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत काळजी घ्या.

जय हिंद. जय महाराष्ट्र.